नकला करून कंटाळलेला माणूस

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये चक्कर मारा. टेबलाची काच, खाली पेटलेला बल्ब, वर दोन शीट आणि मान मोडून जीटी मारणारा एक प्राणी दिसणारच. त्याचा रूममेट गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांगेत. या दोघांच्याही दुखण्यातून गेलेला माणूस म्हणजे चेस्टर कार्लसन. झेरॉक्सचा शोध त्याने लावला हे जी.के.च्या पुस्तकात असतं. पण तो पोटासाठी काय करायचा, हे तिथे नसतं. तो दुसऱ्यांच्या शोधांचे पेटंट अर्ज तयार करायचा!

जन्म ८ फेब्रुवारी १९०६, सिअ‍ॅटलचा. वडील न्हावीकाम करायचे, पण क्षय आणि संधिवाताने त्यांना पार निकामी केलं. चेस्टर आठव्या वर्षापासून मिळेल ते काम करू लागला आणि चौदाव्या वर्षापर्यंत घरातला मुख्य कमावता झाला. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयाने गेली. तरी पठ्ठ्याने डोक्यावर कर्ज घेऊन १९३० साली कॅलटेकमधून भौतिकशास्त्राची पदवी काढली. आता वर्ष बघा. मंदी नुकती सुरू झालेली. ८२ कंपन्यांना अर्ज केले, एकीनेही घेतलं नाही. (दोन कंपन्यांत रिजेक्ट झालो की मेसवर बहिष्कार टाकणाऱ्या मित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा.) शेवटी न्यूयॉर्कच्या बेल लॅबमध्ये काम मिळालं, ते रटाळ वाटलं म्हणून त्याने तिथल्याच पेटंट विभागात बदली घेतली. १९३३ मध्ये तिथूनही कपात झाली. मग १९३४ पासून मॅलरी या इलेक्ट्रिकल माल बनवणाऱ्या कंपनीचा पेटंट विभाग.

हे काम म्हणजे नुसती कारकुनी नव्हे. संशोधक हातवारे करत आपली कल्पना सांगणार. अर्ज लिहिणाऱ्याने त्यातून नवं नेमकं काय ते काढायचं. वर्णन असं हवं की त्या विषयातल्या तिसऱ्याच माणसाला वाचून ती वस्तू बनवता यावी. आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक. आणि सगळा जीव असतो तो क्लेममध्ये. क्लेम म्हणजे शेताचा बांध. फार आत घातला तर शेजारी वळसा घालून तीच गोष्ट बिनधास्त बनवणार. फार बाहेर घातला तर तपासनीस कुणाचं तरी जुनं पेटंट दाखवून अर्ज परत पाठवणार.

एवढं झालं की अर्जाच्या प्रती हव्यात. मजकूर पुन्हा टाइप करा, पुन्हा तपासा. आकृत्या फोटोस्टॅटला बाहेर पाठवा, म्हणजे वेळ गेला आणि पैसेही गेले. त्यात १९३६ पासून तो रात्री कायद्याच्या कॉलेजला जाऊ लागला. पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवायची. बोटं आखडायची, पाठीच्या संधिवाताने जीव नकोसा व्हायचा.

त्याच लायब्ररीत त्याने शोध सुरू केला. फोटोग्राफीची रसायनं त्याने मुद्दाम टाळली, कारण त्या वाटेवर मोठ्या कंपन्या आधीच बसलेल्या असणार. काही पदार्थ अंधारात विद्युतरोधक असतात आणि उजेडात वाहक होतात. अशा पदार्थाच्या थरावर विद्युतभार द्यायचा आणि पानाची प्रतिमा पाडायची. उजेड पडेल तिथला भार निघून जाणार, अक्षरांच्या सावलीतला राहणार आणि भुकटी तेवढ्यालाच चिकटणार. घरच्या किचनमध्ये गंधक वितळवून त्याने घरभर वास केला. पण पेटंटवाल्याची सवय बघा. एकही प्रत निघाली नव्हती, तरी १८ ऑक्टोबर १९३७ ला पहिला अर्ज दाखल!

प्रत निघाली वर्षभराने, २२ ऑक्टोबर १९३८ ला, अ‍ॅस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत. मदतीला ऑस्ट्रियाहून आलेला ओटो कोर्नाय. गंधक लावलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली, काचेवर शाईने तारीख आणि अ‍ॅस्टोरिया हे नाव लिहून वरून उजेड टाकला, भुकटी टाकून फुंकर मारली. अक्षरं राहिली! मग ती मेणकागदावर उतरवली.

यानंतर मात्र दुष्काळ. आयबीएम, कोडॅक, जीई धरून वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. कोर्नायही नोकरी धरून गेला. कार्लसनने अर्ज मात्र सोडला नाही. त्याचं मुख्य पेटंट, क्रमांक २२,९७,६९१, त्याला ६ ऑक्टोबर १९४२ ला मिळालं. १९४४ मध्ये बॅटेल संस्थेचा एक माणूस पेटंटच्याच कामासाठी मॅलरीत आला होता. बोलता बोलता कार्लसनने आपला विषय काढला आणि गाडी हलली. पुढे रॉचेस्टरच्या हॅलॉइड या छोट्या कंपनीने पैसा ओतला. गंधकाच्या जागी सेलेनियम आलं.

९१४ हे मशीन लोकांसमोर आलं सप्टेंबर १९५९ मध्ये. पेटंटची मुदत तेव्हा सतरा वर्षं होती. हिशोब करा. मशीन आलं आणि तीन आठवड्यांत मूळ पेटंट संपलं! पण तोवर बॅटेल आणि हॅलॉइडने सुधारणांवर पेटंटची दुसरी तटबंदी उभी केली होती, म्हणून धंदा टिकला. हॅलॉइडचं नाव १९६१ मध्ये झेरॉक्स कॉर्पोरेशन झालं.

पैसा आला तेव्हा कार्लसनने कोर्नायला आठवणीने १०० शेअर पाठवले. स्वतःच्या सुमारे १५ कोटी डॉलरपैकी १० कोटींच्या आसपास वाटून टाकले, बरेचसे नाव न सांगता. १९ सप्टेंबर १९६८ ला न्यूयॉर्कच्या एका थिएटरमध्ये पिक्चर बघता बघता हार्ट अटॅकने तो गेला.