अंगण कधी कधी वाकडंही असतं

समजा, कफ परेडच्या मच्छीमार नगरात चार मित्र टेबलाभोवती बसलेत. खिडकीबाहेर किनाऱ्याला लागलेल्या होड्या, त्यांच्या मागे टॉवर्स. टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा. खेळ रोल-प्लेइंगचा, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जातकुळीतला. एकाचं पात्र आहे तांडेल, समुद्र कोळून प्यायलेला. रात्रीच्या काळोखात त्याला खडकांमधून होडी आत आणायचीय. लक्ष्य 15, तांडेलाच्या कौशल्याचे अधिक 9. म्हणजे फाशावर 6 किंवा त्याहून जास्त पडले की काम फत्ते. पडतात 3. सगळे खिदळतात आणि गेममास्टर सांगून टाकतो की तांडेलाचा पाय घसरला, सुकाणू सुटलं, होडी आपटली.

मच्छीमार नगरात वाढलेल्या कुणालाही हे खटकेल. मुरलेला तांडेल असा धडपडत नाही. त्याची होडी अडलीच, तर वारा फिरलेला असतो, ओहोटी लवकर लागलेली असते, नाहीतर कुणाचं तरी जाळं पंख्यात अडकलेलं असतं. फाशाने फक्त एवढंच सांगितलं की काम झालं नाही. का झालं नाही, हे माणसाने ठरवायचं. आणि गोची नेमकी तिथेच आहे.

ही गोची आयुष्यभर अंगावर घेतलेला एक माणूस 500 वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेला. जेरोलामो कार्डानो. मॅथ्सवाल्यांना तो त्रिघाती समीकरणांमुळे माहीत असतो, मेकॅनिकलवाल्यांना कार्डन शाफ्टमुळे. पण फाशांचा हिशेब कागदावर नीट मांडणाऱ्या पहिल्या काही माणसांतही तो होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म 24 सप्टेंबर 1501, पाव्हिया. वडील फाझिओ वकील, गणिताचे शौकीन, लिओनार्दो दा व्हिंचीच्या ओळखीतले. आई विधवा, आणि आई-वडिलांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. या एका गोष्टीने पोराचा पुढे वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. पाव्हिया आणि पदुआला तो वैद्यकी शिकला. पैशांची चणचण कायमची, म्हणून जुगार. बुद्धिबळ, पत्ते, फासे, काही सोडलं नाही. फासे तर त्याने पंचवीसेक वर्षं जवळजवळ रोज खेळले, आणि म्हातारपणी त्याची लाज वाटते हेही लिहून ठेवलं.

डॉक्टर झाल्यावर मिलानच्या वैद्यांच्या संघाकडे त्याने सदस्यत्व मागितलं. नकार. कारण जन्म. पुन्हा मागितलं, पुन्हा नकार. मग पदुआजवळच्या एका लहानशा गावात प्रॅक्टिस, 1531 मध्ये लग्न, आणि त्यानंतर इतकी गरिबी की बायकोचे दागिने गहाण पडले आणि कुटुंबाला काही काळ गरीबखान्यात राहावं लागलं. आपल्याकडे अशा वेळी लोक पटकन म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडे. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. नाचणारा उत्तम होता. स्वतःत खोट काढत बसण्याऐवजी कार्डानोने 1536 मध्ये तेव्हाच्या डॉक्टरांच्या चुकीच्या पद्धतींवर पुस्तकच काढलं. शेवटी 1539 मध्ये त्याच संघाला त्याला आत घ्यावं लागलं.

असाच एक प्रसंग व्हेनिसचा. एका बड्या आसामीच्या घरी पत्ते खेळताना तो हरतच गेला. मग लक्षात आलं, पत्त्यांवर खुणा आहेत. त्याने यजमानाच्या तोंडावर खंजीर चालवला, आपले पैसे उचलले आणि पळाला. खंजिराचं समर्थन कुणी करणार नाही. पण हरण्यामागे नशीब, आपली चूक की समोरच्याची लबाडी, हे वेगळं काढायला तो इथेच शिकला असावा.

कारण जुगारावरच्या त्याच्या पुस्तकात हे तिन्ही येतं. दोन फाशांची दानं 36 प्रकारे पडू शकतात, तीन फाशांची 216 प्रकारे. फासा सरळ असेल तर प्रत्येक बाजूला सारखाच हक्क. आपल्याला हवी असलेली दानं किती आणि एकूण किती, यांचं प्रमाण काढा, मग पैज लावा. फसवणूक कशी ओळखायची, त्यावरही मजकूर आहे. गंमत म्हणजे काही ठिकाणी त्याचा हिशेब आधी चुकतो, पुढे तो बरोबर करतो, पण आधीची चूक तशीच ठेवतो. हे पुस्तक छापलं गेलं 1663 मध्ये, तो गेल्यावर 87 वर्षांनी. तोवर पास्कल आणि फर्मा यांनी संभाव्यतेचा पाया घालून झाला होता.

1545 मध्ये 'आर्स माग्ना' आलं आणि कार्डानो युरोपभर गाजला. त्रिघाती समीकरणाची रीत तार्ताल्याने त्याला गुप्ततेच्या शपथेवर दिली होती. तीच रीत देल फेर्रोने आधीच शोधली होती, हे कळल्यावर कार्डानोने दोघांचं नाव देऊन ती छापली. तार्ताल्याने त्याला कधीच माफ केलं नाही.

1552 मध्ये तो थेट स्कॉटलंडला गेला. सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन दम्याने हैराण होते. कार्डानोने काही आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि सांगितलेल्या पथ्यांत एक होतं, पिसांची गादी-उशी सोडा. हॅमिल्टन सुधारले. आधीचे उपचार का फसले, याचं उत्तर त्याने रुग्णाच्या खोलीत शोधलं होतं.

परतताना लंडनला त्याने 15 वर्षांच्या राजा सहाव्या एडवर्डची कुंडली मांडली. भाकीत असं, की राजा पन्नाशी ओलांडेल. एडवर्ड जुलै 1553 मध्ये गेला. सोळावंही पूर्ण झालं नव्हतं.

आता बघा, याच माणसाने काय केलं. 1554 मध्ये त्याने ती चुकलेली कुंडली लपवली नाही, छापली. सोबत काय चुकलं याचं स्पष्टीकरण जोडलं. आकडेमोड अपुरी राहिली, अशा नाजूक प्रकृतीच्या मुलासाठी आणखी बारकाईने पाहायला हवं होतं, राजाच्या भोवतीच्यांच्या कुंडल्याही बघायला हव्या होत्या. म्हणजे चूक कबूल, पण स्वतःच्या हाताची. मुळात ही विद्याच चालते का, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. फाशांच्या बाबतीत एकूण दानं मोजायला सांगणारा माणूस इथे ते विसरला.

सगळ्यात वाईट दान पुढे होतं. थोरला मुलगा जोव्हान्नी बातिस्ता, तोही डॉक्टर. त्याने बायकोला विष दिलं आणि 1560 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. बापाने कोर्टात जिवाच्या आकांताने बाजू मांडली, उपयोग झाला नाही. नंतर आत्मचरित्रात त्याने लिहिलं, की मुलाच्या अटकेच्या वेळी आपल्या बोटाच्या मुळाशी तलवारीसारखी लाल खूण उमटली, ती वाढत गेली आणि मुलगा गेल्यावर फिकी पडली. इतक्या मोठ्या दुःखाला काहीच अर्थ नाही, हे त्याला सोसलं नसावं. त्याला हसू नये.

1570 मध्ये इन्क्विझिशनने त्याला बोलोन्यात अटक केली. काही महिने कैद, मग शिकवणं बंद, छापणं बंद. तो रोमला गेला, तिथे पोपकडून पेन्शन मिळाली, आणि आत्मचरित्र लिहून 21 सप्टेंबर 1576 ला वारला.

आता परत आपल्या टेबलावर. 15 चं लक्ष्य आणि अधिक 9 असताना 1 ते 5 पडले की अपयश, म्हणजे चारातल्या एका वेळी. कसलेला तांडेलही तितक्या वेळा अडणारच, त्यात त्याची अब्रू जायचं कारण नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत कौशल्याच्या तपासणीत 1 पडला तरी आपोआप फजिती होत नाही. तो नियम अनेक ग्रुप्स घरचा म्हणून लावतात. म्हणून चांगला गेममास्टर आधी पात्राकडे बघतो. नवखा असेल तर सुकाणू सुटू दे. मुरलेला असेल तर वारा फिरवा, धुकं आणा, किंवा होडी आत येऊ दे पण गस्तीच्या दिव्यात सापडू दे. अपयश खरंच राहतं, गोष्ट पुढे जाते आणि माणूस मूर्ख ठरत नाही.

पुढच्या वेळी इंटरव्ह्यूत किंवा ओरलला दान उलटं पडलं, तर कार्डानोची तीन उत्तरं समोर ठेवा. मिलानमध्ये अंगण वाकडं होतं, व्हेनिसमध्ये पत्ते खुणेचे होते आणि लंडनमध्ये पद्धतच चुकीची होती. आपलं यातलं कुठलं, की नुसताच 3 पडला, हे शांतपणे बघायचं. नुसताच 3 असेल, तर फासा उचलायचा आणि पुन्हा टाकायचा.