नारायण मल्हार जोशी : कामगारांचा मताधिकार

कामगार संघाच्या सदस्याला आपण ‘सभासद’ म्हणतो आणि कायदेमंडळाच्या सदस्यालाही पूर्वी हाच शब्द रूढ होता. शब्द एक असला तरी या दोन सभासदांमधील अंतर १९२० च्या सुमारास फार मोठे होते. ते कमी करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या नारायण मल्हार जोशी यांचा परिचय या पाठात करून घ्यावयाचा आहे.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यातील शिक्षणानंतर काही वर्षे त्यांनी अध्यापन केले. १९०९ मध्ये ते भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये यांच्या निमित्ताने गिरणगावातील चाळींशी त्यांचा जो संबंध जडला, तो अखेरपर्यंत टिकला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या प्रवर्तकांपैकी ते एक होत.

१९२१ मध्ये सरकारने त्यांना मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमले. निवडणुकीचा प्रश्नच नव्हता, कारण मताधिकार मालमत्ता, कर, घरभाडे अशा अटींनी जखडलेला होता आणि चाळीतील खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या गिरणी कामगाराचे नाव मतदारयादीत सहसा येत नसे. त्याच सुमारास मद्रासमधील एका गिरणीच्या मालकांनी संघाच्या नेत्यांवर न्यायालयात दावा लावला होता. संप करणे हा कराराचा भंग ठरू लागला, तर संघ टिकणार कसे? जोशी यांनी १९२१ मध्येच संघांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव मांडला. त्याची परिणती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात झाली.

या कायद्याच्या १६ व्या कलमाकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. त्यानुसार नोंदणीकृत संघाला स्वतंत्र राजकीय निधी उभारता येत असे. त्यातून उमेदवाराचा निवडणूक खर्च, प्रचारसभा, पत्रके, एवढेच नव्हे तर मतदारांची नावनोंदणीही करता येत असे. मात्र वर्गणी ऐच्छिक होती आणि ती न देणाऱ्या सभासदाचे, त्या निधीच्या व्यवस्थापनाखेरीज, कोणतेही हक्क हिरावून घेता येत नसत. मतदान हे संघाचे काम आहे, पण सक्तीचे नाही, हा विवेक कायद्यातच लिहिला गेला.

१९२९ मध्ये व्हिटले आयोगावर बहिष्कार घालावा की नाही, यावरून नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. जोशी स्वतः आयोगाचे सदस्य होते. ते सहकाऱ्यांसह बाहेर पडले. सरकारनियुक्त माणूस कामगारांचा प्रतिनिधी कसा, हा डाव्यांचा आक्षेप निराधार नव्हता. तथापि नियुक्त जागेवर बसून जोशी यांनी निवडणुकीचाच आग्रह धरला, हेही नोंदवले पाहिजे. गोलमेज परिषदेत त्यांनी प्रौढ मताधिकाराची बाजू मांडली. ती मान्य झाली नाही. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत कामगारांसाठी ३८ जागा ठेवल्या, त्यांपैकी ७ मुंबई प्रांतात होत्या. यांतील काही मतदारसंघ संघांच्या सभासदांचे असल्याने, मालमत्तेची अट ज्याला कधीच पुरी करता आली नसती, अशा कामगारालाही संघाच्या सभासदत्वामुळे मत मिळाले. वर्गणीची वही नीट ठेवणे, नावे वेळेवर नोंदवणे ही कारकुनी कामे अशा रीतीने राजकीय झाली. जोशी यांना अशा कंटाळवाण्या कामाचा कंटाळा नसे.

फुटलेल्या संघटना १९४० पर्यंत पुन्हा एकत्र आल्या आणि जोशी यांच्याकडे सरचिटणीसपद परत आले. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत गिरणगावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा हक्क मिळाला. तेव्हा जोशी बहात्तर वर्षांचे होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.