‘थांबवा!’ म्हटलं की सिनेमा थांबायचा : रॉजर ईबर्टची गोष्ट

थिएटरमध्ये शेजारचा नुसता कुजबुजला तरी आपलं डोकं फिरतं. पण अमेरिकेत एक माणूस असा होता, जो अंधारात बसलेल्या शेकडो लोकांना सांगायचा, काही दिसलं की बिनधास्त ओरडा, आपण सिनेमा तिथेच थांबवू. मग दोन तासांचा सिनेमा चार-पाच दुपारी चालायचा.

हा माणूस म्हणजे रॉजर ईबर्ट. जन्म १९४२ चा, इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावातला. वडील विद्यापीठात इलेक्ट्रिशियन. पोराला सायन्स फिक्शनचं इतकं वेड की शाळकरी वयातच त्याने चाहत्यांसाठी स्वतःचं छोटेखानी मासिक काढलं. १९६७ मध्ये तो ‘शिकागो सन-टाइम्स’चा चित्रपट समीक्षक झाला, १९७५ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला चित्रपट समीक्षक. पुढे जीन सिस्केलसोबतच्या टीव्ही शोमुळे तो घराघरात पोहोचला. अंगठा वर की खाली, हे त्या दोघांचंच.

पण खरा ईबर्ट बघायचा तर कोलोरॅडोतल्या बोल्डरला. तिथल्या विद्यापीठाच्या वार्षिक परिषदेत तो अनेक वर्षं एकेक सिनेमा लोकांसोबत उलगडायचा. सुरुवातीला १६ एमएमचा प्रोजेक्टर, नंतर लेझर डिस्क, मग डीव्हीडी. कोणी विचारायचं, हा माणूस फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यातच का उभा आहे? कोणी सावलीबद्दल बोलायचं. उत्तर ईबर्टनेच द्यायला हवं असं नव्हतं, एवढ्या गर्दीत ते कोणाकडे तरी असायचंच.

‘डार्क सिटी’ही त्याने प्रेक्षकांसोबत असाच शॉट बाय शॉट पाहिला. अॅलेक्स प्रोयासचा हा १९९८ चा सिनेमा. एक माणूस हॉटेलच्या बाथटबमध्ये जागा होतो, त्याला काहीच आठवत नाही. शहरात सूर्य उगवतच नाही. मध्यरात्री सगळे जागच्या जागी झोपतात, इमारती हलतात आणि काही परके जीव माणसांच्या आठवणी बदलून टाकतात. तिकीटबारीवर सिनेमा आपटला. ईबर्टने मात्र त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम सिनेमा ठरवलं, वर डीव्हीडीसाठी पूर्ण लांबीची कॉमेंट्रीही रेकॉर्ड केली. (‘मॅट्रिक्स’ पुढच्या वर्षी आला, आणि त्यात याच सिनेमाचे काही सेट वापरले होते.)

२००२ मध्ये ईबर्टला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. २००६ मध्ये जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि त्याचं बोलणं कायमचं गेलं. खाणंपिणंही. त्यानंतर तो ब्लॉगवर इतकं लिहायला लागला की आधी कधी लिहिलं नसेल.

मग एडिनबराच्या एका कंपनीने त्याच्याच आवाजातून संगणकाचा आवाज बनवायचं ठरवलं. टीव्ही शोच्या टेप ढिगाने होत्या, पण त्यात दुसऱ्यांचे आवाज मिसळलेले. स्वच्छ, एकट्याचा आवाज सापडला तो डीव्हीडीच्या कॉमेंट्रींमध्ये. ‘सिटिझन केन’, ‘कॅसाब्लांका’ वगैरे सिनेमांवर तो तासन्‌तास बोलला होता, ते आता असं कामी आलं. २०१० मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याने तो आवाज ऐकवला. शेजारी बायको चॅझ बसली होती.

४ एप्रिल २०१३ ला ईबर्ट गेला. दोनच दिवस आधी त्याने वाचकांना कळवलं होतं की आता जरा कमी लिहीन, आवडतील तेवढ्याच सिनेमांवर.