झुंजार, काळा पहाड आणि चुकता झालेला हिशेब

रत्नागिरीला वाचनाची परंपरा जुनी आहे. तेथील नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची. महाराष्ट्रातील आद्य ग्रंथालयांत त्याची गणना होते. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर कोकणात वाचनाचा आणखी एक प्रवाह वाहत होता आणि त्याचा उगम मुंबईत, गिरगावात होता. शिमग्याला किंवा गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याच्या ट्रंकेत कपडे, खाऊ आणि औषधाच्या बाटलीशेजारी एखादी पातळशी रहस्यकथा असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ती एकाने वाचून दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाने सुटी होईपर्यंत तिचा प्रवास चाले. मुखपृष्ठावर नाव असे बाबूराव अर्नाळकर.

अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ सालचा. वसई तालुक्यातील समुद्रकाठच्या अर्नाळा या गावाचे नाव त्यांच्या टोपणनावात आले आणि पुढे खरे नाव मागे पडून तेच रूढ झाले. तरुणपणी ते स्वातंत्र्यचळवळीत उतरले आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला. उपजीविकेसाठी गिरगावात त्यांनी चष्म्याचे दुकान चालवले. लोकांची नजर सुधारण्याचा व्यवसाय करणारा हा गृहस्थ सावकाशीने लिहिणारा नव्हता. एक हजारांहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. १,०४२ हा आकडा त्यांच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. १९९६ साली, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

मराठीत रहस्याची गोडी त्यांच्या आधीच लागलेली होती. गोविंद नारायण दातारशास्त्री यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी एक पिढी जागी ठेवली होती. नाथमाधवांच्या ‘सोनेरी टोळी’ने गुन्हेगारांचे गुप्त जग मराठी घरांत आणले होते. हिंदीत देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ साली अवतरली होती आणि बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२पासून सत्याचा शोध घेत होता. अर्नाळकरांचे वेगळेपण असे, की त्यांनी रहस्यकथा जाडजूड कादंबरीतून बाहेर काढली. एका बैठकीत, चाळीच्या गॅलरीत किंवा आगबोटीच्या डेकवर संपणारे छोटेखानी पुस्तक हा त्यांचा खरा आकार. भाषा सोपी, वाक्ये तुटक, प्रकरणाचा शेवट असा की पुढचे पान उलटल्यावाचून राहवत नसे.

त्यांच्या नायकांची नावे आजही जुन्या वाचकांच्या ओठांवर आहेत. धनाढ्य, देखणा, बेडर झुंजार आणि प्रत्येक साहसात त्याच्या बरोबरीने उतरणारी त्याची पत्नी विजया. मुखवट्याआडून दुष्टांना धडा शिकवणारा काळा पहाड. गुन्ह्याचा माग काढणारा धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू. यांतील काहींवर इंग्रजी लोकप्रिय कथांची छाया स्पष्ट दिसते, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण लंडनच्या धुक्यात वावरणारे साहसवीर मुंबईच्या रस्त्यांवर आणताना अर्नाळकरांनी त्यांना मराठी स्वभाव दिला. विशेषतः विजया. घराबाहेर पडणे हेच ज्या काळात असंख्य स्त्रियांना साहस वाटत होते, त्या काळात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून संकटाला सामोरी जाणारी ही नायिका घराघरांत पोहोचली.

रहस्यकथा वाचकाला समाधान कशामुळे देते, या प्रश्नाला त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक उत्तर दिले जात होते. रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराची गाठ वाचकाशी कथेत लवकर पडावी, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये, असा त्यांचा रोख होता. अगाथा ख्रिस्ती यांनी १९२६ सालीच ‘रॉजर ॲक्रॉइड’च्या कथेत वाचकाच्या गृहीतकांना असा धक्का दिला होता, की त्या लबाडीला न्याय्य म्हणावे की नाही, यावर वाद माजला. या परंपरेत कथा हे कोडे असते, आणि ते प्रामाणिकपणे मांडून उलगडले की वाचक तृप्त होतो.

या कसोटीवर अर्नाळकरांच्या अनेक कथा उतरणार नाहीत. योगायोग मुबलक, सुगावे कधी ऐनवेळी हाती येणारे, आणि नायक तर नॉक्स यांचा नियम सरळ मोडणारे. काळा पहाड कायद्याच्या चौकटीबाहेर उभा आहे. झुंजारही पोलिसांची परवानगी घेऊन काम करीत नाही. तरीही लाखो वाचकांना या कथांनी समाधान दिले, ते कशाच्या बळावर? उत्तर त्या वाचकांच्या जगण्यात शोधावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरवण्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हा जिल्हा थेट गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. गावात पोटापुरती जमीन नाही, म्हणून माणसे भाऊच्या धक्क्यावर उतरत आणि गिरगाव, लालबाग, परळ येथील खोल्यांत दाटीवाटीने राहत. दुसऱ्या महायुद्धाने महागाई आणली, १९४३ पासून मुंबईत रेशनिंग आले, काळाबाजार फोफावला. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली आणि तिच्यामागोमाग हातभट्टीचे साम्राज्यही. साठेबाज श्रीमंत होताना दिसत होता. त्याला शिक्षा झालेली मात्र क्वचितच दिसत होती. कोर्टाची पायरी सामान्य माणसाला परवडणारी नव्हती.

अशा वाचकाला गुन्हेगार कोण हे ठाऊकच होते. त्याला हवा होता तो निकाल. अर्नाळकरांनी नेमका तोच दिला. त्यांच्या कथेत पैशाच्या जोरावर उन्मत्त झालेला दुर्जन अखेरच्या पानापर्यंत सुटत नाही, फसवल्या गेलेल्या दुबळ्याला त्याचे परत मिळते, आणि हे सारे ठरलेल्या वेळात, परवडणाऱ्या किमतीत घडते. कोडे सुटण्यापेक्षा हिशेब चुकता होण्याचे हे समाधान आहे. स्वातंत्र्यासाठी कायदा मोडून तुरुंगात गेलेल्या लेखकाला कायदा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे शिकवावे लागले नसेल.

या समाधानाची किंमतही होती. हजार कथा लिहिणाऱ्याला प्रत्येक कथेवर संस्कार करण्याची उसंत मिळत नाही. प्रसंगांची पुनरावृत्ती, एकसुरी खलनायक, ठोकळेबाज संवाद हे दोष त्यांच्या लेखनात आहेत. न्याय मिळवून देणारा नायक कायद्याला उत्तरदायी नसावा का, हा अवघड प्रश्न या कथा विचारीतच नाहीत. समीक्षकांनी मात्र दोष दाखवण्याचेही कष्ट फारसे घेतले नाहीत. आकडा कौतुकाने सांगायचा आणि पुस्तकाविषयी बोलायचे टाळायचे, अशीच रीत पडली. हलक्या कागदावर छापलेल्या या पुस्तिका जपून ठेवण्याजोग्या कोणाला वाटल्या नाहीत. आज त्यांतील अनेक दुर्मीळ आहेत. ज्या साहित्याने असंख्य नवशिक्षितांना अक्षरओळखीपासून वाचनाच्या सवयीपर्यंत नेले, त्याचा मोठा भाग रद्दीत गेला, ही मराठी ग्रंथव्यवहाराची खरी हानी आहे.

गुन्हेगारी कादंबरी त्यानंतर बरीच पुढे आली. जपानच्या केइगो हिगाशिनो यांच्या २००५ सालच्या ‘संशयित एक्स’च्या कथेत खून कोणी केला हे वाचकाला आरंभीच कळते, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्टीग लार्सन यांच्या स्वीडिश कादंबरीत तपासाइतकाच महत्त्वाचा आहे तो स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धचा संताप. म्हणजे केवळ कोड्यावर कथा उभी राहत नाही, त्यामागे न्यायाची ओढ लागते, हे जगभरच्या लेखकांनी आपापल्या वाटेने ओळखले आहे. गिरगावातल्या चष्म्याच्या दुकानदाराने ते गिरणगावातल्या वाचकाकडून फार आधी ओळखले होते. त्यांच्या कथांचे मोल ठरवताना एक हजार बेचाळीस हा आकडा बाजूला ठेवून, त्यांतली हाती लागेल ती एखादी कथा पुन्हा वाचणे हेच अधिक उचित ठरेल.