हरलेल्या लढतीचा साधक : यामाओका तेश्शू

जपानी तलवारबाजी म्हटले की बहुतेकांना अजिंक्य मियामोतो मुसाशी आठवतो. आम्हाला मात्र यामाओका तेश्शू अधिक जवळचे वाटतात, आणि तेही त्यांच्या एका पराभवामुळे.

तेश्शूंचा जन्म १८३६ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, सामुराई घराण्यात झाला. मूळ आडनाव ओनो. भाल्याचे गुरू यामाओका सेइझान अकाली गेले, तेव्हा त्यांच्या बहिणीशी विवाह करून तेश्शूंनी ते घराणे आणि आडनाव पुढे चालवले. सहा फुटांहून उंच, दणकट देह. आखाड्यात त्यांच्यापुढे उभे राहायला लोक कचरत.

१८६३ मध्ये त्यांची गाठ आसारी योशिआकी यांच्याशी पडली. बांबूच्या तलवारींची ही लढत बराच वेळ चालली. शेवटी तेश्शूंनी त्यांना जमिनीवर लोळवले. पण पडता पडता आपण वार केला होता, असे आसारींचे म्हणणे. तेश्शूंनी ते उडवून लावले. छातीवरचे बांबूचे कवच पाहिले, तर खरोखरच पट्ट्या मोडलेल्या! त्यावरही त्यांनी कीड लागल्याची सबब सांगितली, अशी कथा आहे. दुसऱ्या दिवशी मात्र ते आसारींकडे गेले, क्षमा मागितली आणि शिष्य झाले.

पुढची सतरा वर्षे सोपी नव्हती. डोळे मिटले की आसारींची तलवार समोर दिसे. दिवसा सराव, रात्री झेन ध्यान. तेन्‌र्यूजीचे तेकिसुई हे त्यातले मार्गदर्शक. दरम्यान १८६८ मध्ये शोगुनच्या बाजूने ते शत्रूच्या छावणीत जाऊन साइगो ताकामोरींना भेटले आणि एदो किल्ला रक्तपाताविना सोपवण्याची वाट मोकळी झाली. पुढे दहा वर्षे सम्राट मेइजींची सेवा केली. इतके नाव होऊनही मनातली ती तलवार काही हटली नव्हती.

३० मार्च १८८० च्या पहाटे ध्यानात ती नाहीशी झाली. मग तेश्शू आसारींसमोर उभे राहिले. आसारींनी वार न करताच तलवार खाली ठेवली आणि आपल्या परंपरेचा वारसा त्यांना दिला.

तेश्शूंनी आपल्या पंथाला 'मुतो', म्हणजे तलवारीविना, असे नाव दिले. शुनपूकान या त्यांच्या आखाड्यात नवख्याला तीन वर्षे फक्त चढाईचे मूळ वार घोटावे लागत. पुढच्या कसोटीत एका दिवसात दोनशे लढती! त्यावेळी तलवार बाळगण्यावर १८७६ पासून बंदी होती, तरी शिकणारे येत राहिले.

१९ जुलै १८८८ रोजी पोटाच्या कर्करोगाने ते गेले, ध्यानाच्या बैठकीतच. यानाका भागात त्यांनीच उभारलेल्या झेनशोआन मंदिरात त्यांची समाधी आहे.