येल्लाप्रगडा सुब्बाराव

येल्लाप्रगडा सुब्बाराव (जन्म : १२ जानेवारी १८९५, भीमावरम, मृत्यू : ऑगस्ट १९४८, पर्ल रिव्हर, न्यू यॉर्क) हे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ व औषधसंशोधक होते. फॉलिक आम्लाचे संश्लेषण, कर्करोगावरील पहिली फॉलिक आम्ल-विरोधी औषधे आणि हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामाझिन हे औषध त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले.

== प्रारंभिक जीवन ==
सुब्बाराव यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील तेलुगू कुटुंबात झाला. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी गांधीजींच्या आवाहनानुसार खादी वापरण्यास सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. परिणामी त्यांना एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी मिळाली. पुढे त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात अध्यापन केले.

याच सुमारास त्यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने मरण पावले. त्यांपैकी एकाला स्प्रू हा आतड्याचा व रक्तक्षयाचा विकार जडला होता. त्या काळी यावर खात्रीचा उपाय नव्हता.

== हार्वर्डमधील संशोधन ==
१९२० च्या दशकाच्या आरंभी सुब्बाराव सासऱ्यांच्या आर्थिक साहाय्याने बॉस्टनला गेले. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. सुब्बाराव पुन्हा मायदेशी परतले नाहीत. निर्वाहासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीचे हलके काम केले. सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी शरीरद्रवांतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली (१९२५). 'फिस्क-सुब्बाराव पद्धत' या नावाने ती जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट (एटीपी) यांचा शोध या जोडीने जाहीर केला. एटीपीचा शोध जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे लावला. १९३० मध्ये सुब्बाराव यांना पीएच.डी. मिळाली, हार्वर्डमध्ये कायम पद मात्र मिळाले नाही.

== औषधसंशोधन ==
१९४० मध्ये ते पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत रुजू झाले व पुढे तेथील संशोधनाचे संचालक झाले.

=== फॉलिक आम्ल ===
या शोधाची एक कडी मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ नंतरच्या काही वर्षांत ल्युसी विल्स या इंग्रज वैद्यक-संशोधिकेने मुंबईतील गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो असे दाखवले. अर्कातील गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा कळले नव्हते. तो फॉलिक आम्ल असल्याचे पुढे निष्पन्न झाले. यकृतात हे द्रव्य अत्यल्प असते, त्यामुळे ते शुद्ध स्वरूपात मिळवणे कष्टाचे होते. सुब्बाराव यांच्या चमूने १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केले. स्प्रूमधील रक्तक्षयावर ते लागू पडले. भावाच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने हा उपाय हाती आला होता.

=== फॉलिक आम्ल-विरोधी औषधे ===
बॉस्टनचे बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी लेडर्लेकडून मिळालेली फॉलिक आम्लाची संयुगे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिली. अपेक्षेच्या उलट, रोग अधिक वेगाने वाढत असल्याचे त्यांना जाणवले. एखाद्या प्रयोगशाळेने हे अपयश म्हणून सोडून दिले असते. येथे मात्र प्रश्नच उलटा करण्यात आला : ज्या द्रव्यावर कर्कपेशी पोसतात, त्याच्यासारखे दिसणारे पण काम न करणारे द्रव्य दिले तर? असे रेणू सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तयार होतच होते. त्यांतील ॲमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ बालकांना दिले; त्यांपैकी १० बालकांचा आजार काही काळ ओसरला. हा अहवाल जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सुधारणा तात्पुरती होती, परंतु बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाला औषधाने रोखता येते हे दिसले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही कर्करोगावर आणि अल्प मात्रेत ऱ्हुमॅटॉइड संधिवातावर वापरले जाते. पेशीला लागणाऱ्या द्रव्याची नक्कल करून तिची वाढ रोखणे, ही औषधरचनेची दिशा अद्याप कालबाह्य झालेली नाही.

=== इतर औषधे ===
दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवरील अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाच्या कृमींची लागण झाली. त्यावर लेडर्लेत अनेक संयुगे प्राण्यांवर तपासून १९४७ मध्ये डायइथिलकार्बामाझिन निवडण्यात आले. भारताच्या हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांसह, याच औषधाच्या गोळ्या घरोघरी दिल्या जातात. बेंजामिन डग्गर यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळवलेले ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविकही सुब्बाराव यांच्या कारकिर्दीतलेच.

== मृत्यू व स्मृती ==
वयाच्या ५३ व्या वर्षी, ॲमिनोप्टेरिनचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर दोन महिन्यांनी, त्यांचे झोपेत निधन झाले. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नव्हते. प्रसिद्धीपासून ते दूर राहत आणि सहकाऱ्यांना पुढे करत, त्यामुळे अनेक शोधांशी त्यांचे नाव जोडले गेले नाही. १९८८ चे नोबेल विजेते जॉर्ज हिचिंग्ज हार्वर्डमध्ये त्यांचे समकालीन होते. सुब्बाराव यांनी वेगळी केलेली काही न्यूक्लिओटाइडे पुढे इतरांना नव्याने शोधावी लागली, कारण फिस्क यांनी ते काम प्रसिद्ध होऊ दिले नाही, असे त्यांनी नंतर नमूद केले. सुब्बारोमायसिस या बुरशीच्या प्रजातीला सुब्बाराव यांचे नाव देण्यात आले आहे. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.