थोर शास्त्रज्ञ विल्यम हर्शेल

विल्यम हर्शेल यांचा जन्म १७३८ साली जर्मनीत हॅनोव्हर येथे झाला. ते पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचे. पुढे ते इंग्लंडला गेले. तिथं त्यांनी स्वतः दुर्बिणी बनवल्या व १७८१ साली युरेनस ग्रह शोधला.

१८०० साली त्यांनी लोलकातून ऊन पाडलं. सात रंग पडले. एकेका रंगात त्यांनी थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं, पण तिथंच पारा जास्त चढला! ते उष्णतेचे अदृश्य किरण होते. १८२२ साली हर्शेल वारले.

मला ताप आला की आई कपाळाला हात लावून बघते. आपल्या अंगातूनही तसलेच किरण निघतात. ते पकडून आता एक कॅमेरा हात न लावता अंग कुठं गरम, कुठं गार ते रंगांत दाखवतो. न दिसणारं शोधणारे हर्शेल मला फार आवडतात.